राजवाडा आणि फूफीची सही

गेल्या वर्षी फूफीला जव्हारला घेऊन गेलो. तिला शाह सदरुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यावर चादर चढवायची होती. आमचा स्वार्थ वेगळा होता. आम्ही डहाणूकडच्या एका उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. जव्हार संस्थानाची गोष्ट मुलांना दरवर्षी रंगवून सांगतो, पण तिथला राजवाडा स्वतः कधी पाहिलेला नव्हता. वर्गात ही कबुली अजून दिलेली नाही.

फूफी आदल्या दिवशीच तलासरीहून आली. सकाळच्या एस.टी.ने कासा, विक्रमगड करीत निघालो. वाटेत तिला तीच गोष्ट सांगितली. जव्हारचा मुलूख पूर्वी एका वारली नाईकाचा होता. मुकणे घराण्याचे मूळपुरुष जयबा हे कोळी सरदार. त्यांनी नाईकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईकाने हसून हो म्हटले असेल. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि नाईकाचे ठाणेच वेढून टाकले. नाईकाला गंभीरगड आणि भोवतालचा प्रदेश देऊन वाटेला लावले. हा गंभीरगड आमच्या डहाणू तालुक्यातलाच. वर्गात आम्ही वहीच्या पानाची अशी लांब वादी करून टेबल वेढून दाखवतो. मुले टाळ्या वाजवतात.

फूफीने टाळी वाजवली नाही. "दस्तखत किया था उसने?" एवढेच विचारले.

"नहीं, जबान दी थी," आम्ही म्हणालो.

ही झाली दंतकथा. पुढे जयबांचे पुत्र नेमशाह यांना दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाने राजा म्हणून मान्यता दिली. ५ जून १३४३ हा तो दिवस संस्थानाला इतका मोलाचा वाटला की तिथूनच स्वतःची कालगणना सुरू केली. नंतरचे राजेही विक्रमशाह, पतंगशाह अशी नावे घेत राहिले. 'शाह' ऐकून एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, ये लोग अपने थे?" पेशव्यांनी बराच मुलूख काढून घेतला, इंग्रजी अमदानीत एकदा दत्तकाने गादी टिकली, १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे खासदार झाले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. वाडा मात्र घराण्याकडे राहिला.

तो वाडा, जयविलास, यशवंतरावांच्याच काळातला. गुलाबी छटेचा दगड, घुमट, भोवती दाट झाडी. फूफी चप्पल काढून सावलीत टेकली आणि रखवालदाराला म्हणाली, "और इस घर की लड़कियों को क्या मिला?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "लग्नं होऊन सासरी गेल्या, मावशी."

"हां, वो तो जातीच हैं," फूफी म्हणाली.

आम्ही दुसरीकडे पाहू लागलो. त्याला कारण होते.

डहाणू-तलासरीत जमीन कुणाची, हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी जमीनदारांची वेठबिगार नाकारली. पुढे कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ मालक मानले गेले. आमचे दादा असेच एक कूळ. जमीनदाराची वाडी कसता कसता, हप्त्याहप्त्याने किंमत भरून ते वीस गुंठ्यांचे मालक झाले. सातबाऱ्याची पहिली नक्कल त्यांनी जुजदानाशेजारी जपून ठेवली होती.

दादा गेले तेव्हा दादी आधीच गेलेली. वारस दोनच, अब्बा आणि फूफी. शरीअतीचा हिशेब सोपा. तीन हिस्से, दोन भावाचे, एक बहिणीचा. अब्बांच्या इंतकालानंतर वारसनोंदीसाठी जुने फेरफार काढले, तेव्हा फूफीने हक्क सोडल्याची नोंद सापडली. खाली तिची उर्दूतली सही. काफची रेघ लांब ओढलेली. ती रेघ आम्ही लगेच ओळखली, कारण अलिफ-बे आम्हाला तिनेच पाटीवर गिरवून दिले होते.

सीरतच्या जलशात आम्ही दरवर्षी भाषण करतो, इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसा दिला म्हणून. टाळ्या तिथेही पडतात.

परतीच्या एस.टी.त अखेर विचारले, "फूफी, तुम्ही सही का केलीत?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. "तेरे अब्बा ने बोला, सिर्फ एक दस्तखत. ना बोलती तो मायके का दरवाजा बंद हो जाता. भाई ने मांगा था, छीना नहीं था."

अब्बांविषयी वाईट लिहिताना हात अडखळतो. त्यांनी फूफीच्या चारही बाळंतपणांत धावपळ केली, ईदी कधी चुकवली नाही. एका हिश्श्याच्या बदल्यात आयुष्यभर ईदी, असा हिशेब त्यांनी मांडला नसेलही. पण पडला तो तसाच.

मोठे भाऊ म्हणतात, फूफीने राजीखुशीने दिले, जुनी गोष्ट उकरू नका. आमच्या बहिणीसाठीही त्यांनी तसाच हक्कसोडीचा मसुदा टाइप करून आणला आहे. तो कपाटात पडून आहे. बहीण विचारते, "भाईजान, सही कधी करायची?" आम्ही आज-उद्या करतो. फूफीला तिचा तिसरा भाग बक्षीसपत्राने परत करावा, वाडीचे तुकडे नकोत पण सातबाऱ्यावर नाव यावे, असे आम्ही घरात मांडले. आमच्या एकट्याच्या हिश्श्यातून तेवढे भरत नाही. भावाची सही लागते. बकरी ईदला ते आमच्याशी बोलले नाहीत.

फूफीच्या कानावर हे गेलेच. तिचा फोन आला. "झगडा मत करो, बेटा. मुझे जमीन क्या करनी है इस उमर में." मग थोडे थांबून तिने विचारले, विहिरीजवळचा तो कलमी आंबा अजून फळतो का. दादांनी तिच्या जन्माच्या साली लावलेला. फळतो म्हणालो.

आमच्यापुरते बक्षीसपत्र आम्ही लिहून घेतले आहे. त्यात स्वीकारणाऱ्याचीही सही लागते. येत्या रविवारी ते घेऊन तलासरीला जाणार आहोत. भावाला अजून सांगितलेले नाही.