गोदामाची गोधडी

मुंबईला आलात की मरीन ड्राइव्ह आणि जुहू चौपाटी बघताच ना? पण गेटवेपासून उत्तरेकडे पसरलेला पूर्वेचा समुद्र किती जणांनी पाहिलाय? दिसणार तरी कसा! मध्ये बंदराच्या भिंती आणि गोदामं उभी आहेत.

माझे आजोबा तिथेच गोदी कामगार होते. पाठीवरून पोती वाहून त्यांनी चार मुलं शिकवली. पुढे माल कंटेनरमधून येऊ लागला, 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि इकडची वर्दळ ओसरत गेली.

आता या गोदामांचं काय करायचं? पाडून टॉवर बांधायचे? दुसराही मार्ग आहे. आजी जुन्या लुगड्याची गोधडी शिवते ना, तसा. कापड तेच, काम नवं.

कोचीला गेलात तर ॲस्पिनवॉल हाऊस नक्की बघा. एकेकाळी तिथून मसाले, खोबरेल तेल यांचा व्यापार चालायचा. 2012 मध्ये त्याच वास्तूत कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन भरलं आणि जुन्या भिंतींना नवे पाहुणे मिळाले. मुंबईच्या 1875 च्या ससून डॉकमध्येही 2017 साली कलाकारांनी भिंती रंगवल्या. विशेष म्हणजे, शेजारी मासळीचा बाजार आणि कोळणींची कोळंबी सोलण्याची लगबग नेहमीसारखीच चालू होती.

मला हेच महत्त्वाचं वाटतं. इमारत वाचली, पण तिथली माणसं गेली, तर उरतो फक्त फोटोसाठीचा देखावा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ग्रॅनव्हिल आयलंड या कारखान्यांच्या जागेवर 1979 मध्ये बाजार सुरू झाला. पत्र्याच्या जुन्या शेड तशाच ठेवल्या. काँक्रीटचा कारखानाही हलवला नाही. भाजी घेणाऱ्यांच्या शेजारून त्याचे ट्रक जात राहिले. 2014 मध्ये त्याच्या उंच टाक्यांवर मोठमोठी चित्रं आली, आणि कारखाना लोकांचा लाडका झाला.

मुंबईची गोदामंही उद्या उघडतील. तिथे कॅफे जरूर असावा, पण वीस रुपयांचा चहाही मिळावा. मासे विकणारीला ओटा असावा, मुलांना फुकट बसायला समुद्रकाठ असावा, आणि एका भिंतीवर पोती वाहणाऱ्यांची नावं असावीत.

तुमच्याही गावात एखादी बंद गिरणी, जुना धक्का असेलच. तिथे काम केलेलं कुणी घरात असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा. तिथे काय काय चालायचं, ते विचारा आणि लिहून ठेवा. त्या जागेचं पुढे काय करायचं हे ठरवताना ते उपयोगी पडेल.