वेतोबाच्या चपला आणि गोडसे भटजींची कावड

सिंधुदुर्गात शिरोड्याजवळ आरवली गावात वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला लोक तिथे केळी आणतात आणि चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायात ढगळ होतील एवढ्या थोराड. देव रात्री त्या घालून गावाची राखण करतो, म्हणून चपलांचे तळ झिजतात, असं तिथले लोक सांगतात. किशोरवयीन मुलांसाठी अद्भुतकथा लिहायची आहे, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी त्यांना त्या झिजलेल्या तळांपाशी नेते.

देव रात्री फिरतो, एवढ्याने गोष्ट हलत नाही. चप्पल झिजली म्हटलं की प्रश्नांची रीघ लागते. कुठल्या वाटेने जातो? पावसाळ्यात चिखल लागतो का? चप्पल शिवणाऱ्याला माप कुणी दिलं? आठ वर्षांचं मूल ‘मग पुढे?’ विचारतं, तेरा-चौदाचं ‘ते कसं काय?’ विचारतं आणि उत्तर पटलं नाही की पुस्तक मिटून टाकतं. अशा वाचकासाठी लिहिताना कल्पनाशक्तीपेक्षा हिशेबीपणा जास्त लागतो.

आपल्या लोककथा हिशेबाला पक्क्या असतात. कोकणातला चकवा माणसाला रात्रभर त्याच त्याच जागी फिरवतो, पण उजाडलं की त्याची सत्ता संपते. गिऱ्हा पाण्याचा. उतार आहे असं भासवून वाटसरूला खोलात नेतो, पण गावात शिरत नाही. प्रत्येकाची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली. म्हणून मी नवी गोष्ट लिहायला घेतली की आधी त्या भुताचे नियम वहीत उतरवते. त्याला काय जमत नाही, हे आधी. सगळं जमणारं भूत फार कंटाळवाणं असतं. त्याच्याशी झुंजणाऱ्या पोरीला करण्यासारखं काही उरतच नाही.

भुतांच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप पालकांकडून येतो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला मनापासून हवासा वाटतो, आणि तरीही मी गिऱ्हा सोडणार नाही. माझी अट एकच: पैसे घेऊन भूत उतरवणारा मांत्रिक माझ्या कथेत कधीच जिंकत नाही. जिंकते ती नियम ओळखणारी पोर.

खऱ्या माणसांची साहसी चरित्रं लिहिताना मात्र आपल्याकडे हा हिशेब सुटतो. नायक पाळण्यातच शूर, पुढे अधिक शूर. भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला फुरसुंगीचा केला, गाव दिलं, सायकल दिली. म्हणून कल्पित पोरगा खरा झाला. चरित्रकार खऱ्या माणसाला गावही देत नाहीत.

म्हणून मी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे पुन्हा पुन्हा वळते. हा पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी आली आणि 1857 साली काकांबरोबर तो उत्तरेला निघाला. बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात होता. इंग्रज शहरात शिरल्यावरची लूट त्याने क्रमाने नोंदवली आहे: आधी सोनं-नाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, धान्य. शूर असल्याचा आव कुठेही नाही. भीती मात्र पानोपानी आहे, आणि गाठीचे पैसे सांभाळण्याची धडपड.

काल्पीच्या वाटेवर त्याला राणी लक्ष्मीबाई भेटते, दमलेली, तहानलेली. तो विहिरीतून पाणी काढायला पुढे होतो तर ती त्याला थांबवते आणि मडकं स्वतः ओढते. पाठीला मूल बांधून घोड्यावर बसलेली राणी मुलांनी चित्रात हजारदा पाहिलेली असते. मडकं ओढणारी राणी वाचली की वर्ग गप्प होतो, आणि मग कुणीतरी विचारतं, तिचे हात सोलले असतील का? चपलांच्या तळांवरून निघतो तोच हा प्रश्न.

आणि शेवट तर थेट लोककथेतला. धन आणायला गेलेला हा माणूस पुन्हा पुन्हा लुटला गेला आणि आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. कुणी रचून लिहिलं असतं तर मी समासात ‘फार जुळवलेलं’ असा शेरा मारला असता. गोडसे भटजींनी हे सगळं बऱ्याच वर्षांनी लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली छापलं.

मुलांसाठी हा प्रवास सांगताना मी झाशीतली कत्तल गाळत नाही. ती लेखकाने जेवढी पाहिली तेवढीच ठेवते. यज्ञविधीचे तपशील मात्र निर्दयपणे कापते. ‘शेवटी तात्पर्याची चौकट हवी’ असा निरोप आला की त्या जागी नकाशा पाठवते. वरसई, महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, आणि खाली प्रमाण. पट्टी लावून बसणारी पोरं असतातच. एखादं अंतर चुकलं की त्यांची पत्रं येतात, आणि त्यांत मला माफी नसते.