जखमेला विचारायचं राहून गेलं

पीएच.डी.साठी मी केळीच्या खोडातून काढलेल्या धाग्याचं ड्रेसिंग बनवत होते. जळगावकडे घड उतरवल्यावर खोडं ढिगानं उरतात. त्यांचा धागा मुख्यतः सेल्युलोजचा, पाणी धरून ठेवणारा. त्यावर हळदीतलं कुरक्युमिन भरलेले कायटोसानचे नॅनोकण बसवायचे आणि मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर ते उपयोगी पडावं, असा हेतू होता. कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नॅनोकणांचा खटाटोप. हेतूबद्दल मला आजही शंका नाही. पद्धतीत मात्र मी मोठ्या चुका केल्या.

पहिली चूक तुलनेची. माझं ड्रेसिंग मी फक्त साध्या गॉजशी ताडून पाहिलं. जिवाणू कमी झाले आणि मी श्रेय कुरक्युमिनला दिलं. पण कायटोसान स्वतःही जिवाणूंना रोखतं. नुसता धागा आणि औषधाविना रिकामे कण बसवलेला धागा, असे दोन गट ठेवायलाच हवे होते. ते नसल्यामुळे परिणाम नेमका कशाचा, हे मला सांगता येईना.

दुसरी चूक औषध किती वेगानं बाहेर येतं हे मोजतानाची. कुरक्युमिन विरघळावं म्हणून मी बफरमध्ये अल्कोहोल घातलं. आलेख सुरेख आला. जखमेत अल्कोहोल नसतं. तिथे प्रथिनं आणि विकरं असलेला स्राव असतो, आणि जुनाट जखम बहुधा अल्कधर्मी असते. सीरम नसलेल्या, ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंश सेल्सिअसला कुरक्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो, हे १९९७ सालीच प्रसिद्ध झालं होतं. मी ते वाचलंही होतं. तरी स्रावासारख्या द्रवात औषध शाबूत राहतं का, हे तपासलं नाही.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त बोचते. उंदरांच्या पाठीवरच्या जखमा झपाट्यानं लहान झाल्या, तेव्हा मी फार आनंदले होते. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि जखम मुख्यतः कडा आकसून मिटते. माणसाची जखम बऱ्याच अंशी तळातून नवी ऊती भरून आणि कडांकडून नवी त्वचा सरकून बरी होते. म्हणून उंदरांवरच्या अशा प्रयोगांत जखमेभोवती सिलिकॉनचं कडं शिवून आकसणं रोखतात. मी ते केलं नाही. त्या मुक्या जिवांना जखमा दिल्या, आणि त्यातून माणसाबद्दल जवळजवळ काहीच कळलं नाही.

चौथी चूक एका सिस्टरांनी दाखवली. नमुना हातात घेऊन त्यांनी विचारलं, “मॅडम, हे वाळून चिकटलं तर? काढताना नवी कातडी सोबत निघेल.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जखम ओलसर राहिली तर त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. माझा धागा स्राव शोषून किती वेळ ओला राहतो आणि सोडवताना किती ओढ बसते, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

या सगळ्यांचं मूळ एकच. कणाचा आकार आणि सूक्ष्मदर्शकातलं त्याचं चित्र यांत मी इतकी गुंतले, की रुग्णाची जखम माझ्या विचारातून निघून गेली. मार्गदर्शकांचा किंवा प्रयोगशाळेचा यात दोष नाही. प्रयोगांची आखणी माझी होती.

या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिला कण बनवण्याआधी ड्रेसिंग बदलणाऱ्या सिस्टरांजवळ एक सकाळ उभे राहा. रिकाम्या कणांचा गट ठेवा. मोजमाप जखमेच्या स्रावासारख्या द्रवात करा. आणि ज्या प्रयोगातून माणसाच्या जखमेबद्दल उत्तर मिळणार नाही, त्यासाठी एकाही प्राण्याला जखम करू नका.