स्वस्तातली लॅप स्टील

जयपूर

चि. सोनू,


दहा हजारांच्या आतली लॅप स्टील गिटार म्हणजे खेळणंच, असं तुला कुणी सांगितलं ते मला अजिबात पटलेलं नाही. साध्या गिटारच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. तिथे कारागिराची मेहनत मानेवर आणि पडद्यांवर खर्च होते. मान जराशी वाकली, एखादा पडदा उंच राहिला, की तार खरखरलीच. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवर तार पडद्याला टेकतच नाही. वरून पोलादी बार फिरतो आणि पडदे म्हणजे नुसत्या खुणेच्या रेघा. सगळ्यांत नाजूक काम या वाद्याला लागतच नाही, म्हणून कमी पैशातही खरं वाद्य मिळू शकतं. फक्त ते पारखून घ्यायला हवं.

दुकानात जाताना मेजर टेप आणि स्टीलची पट्टी ने. दुकानदार हसला तर हसू दे. नटपासून बाराव्या रेघेपर्यंत मोज. त्याच्या दुप्पट अंतरावर ब्रिज असला पाहिजे. लॅप स्टीलमध्ये नट ते ब्रिज हे अंतर बहुधा साडेबावीस इंच असतं. मग बाराव्या रेघेवर तारेला बोट नुसतं टेकव, तार छेड आणि बोट उचल. वरचा सा तिथेच स्वच्छ निघतो की बोट थोडं सरकवावं लागतं, ते बघ. शिकणाऱ्याला सुरुवातीला बार कुठे ठेवायचा ते डोळा सांगतो, कान नंतर. रेघच चुकीच्या जागी असली तर बेसूरपणाची सवय लागेल आणि ती पुढे मोडता मोडत नाही.

आता पट्टी सहाही तारांवर आडवी ठेव, आधी नटजवळ, मग ब्रिजजवळ. सगळ्या तारा पट्टीला टेकल्या पाहिजेत. मधल्या तारा उंच असतील तर कडेच्या तारांवर बार नीट बसत नाही आणि त्या झिणझिणतात. साध्या गिटारचा नट उंच करून तिची हवाईयन, म्हणजे मांडीवर वाजवायची, केलेली असते, तिथे हा दोष हटकून सापडतो. नट सपाट होतो, ब्रिज मात्र मूळचाच गोलसर राहतो.

परवा इथल्या एका दुकानात एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या. एक बोलत होती, दुसरीचा आवाज निघतो न निघतो तोच बसत होता. ब्रिजचे स्क्रू हाताने फिरावेत इतके सैल होते. दुकानातल्या पोऱ्याने ते आवळून दिले आणि तीच गिटार पहिलीच्या बरोबरीने वाजली. म्हणून नापसंत करण्याआधी ब्रिज, खुंट्या, सगळं हलवून बघ. खुंटी फिरवताना नटजवळ ‘टक्’ असा आवाज आला, तर तार खाचेत अडकते आहे. ते कानशीने सुधारतं. खुंटीच घसरत असेल तर ती बदलावी लागेल, तो खर्च धरून चाल. अ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर थोडी घरघर ऐकू येईल. तारांना हात लावताच ती कमी झाली तर ब्रिजची अर्थिंगची वायर जागेवर आहे असं समज.

हे सगळं झालं की खरी परीक्षा. तार एकदाच छेड आणि सा पासून प पर्यंत सावकाश मींड घे. मध्येच आवाज विझतो का? तारेची आस प पर्यंत पोचली पाहिजे. मला विचारशील तर या एका मींडेपुढे चकचकीत पॉलिश, नक्षी, डब्यावरचं नाव, कशालाच किंमत नाही. मींड जमत नसेल तर या वाद्याचा आपल्या संगीताला काय उपयोग?

आपल्याकडे जयपूर म्हटलं की अल्लादिया खाँसाहेबांचं घराणं आठवतं. पण या गावाने गिटारलाही रागसंगीतात मानाची जागा मिळवून दिली. पं. विश्वमोहन भट्ट इथलेच. हवाईयन गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून त्यांनी मोहनवीणा घडवली. राय कूडरबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या अल्बमसाठी 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं ते याच वाद्यावरच्या वादनाला. त्यांच्या आधी जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा हवाईयन गिटारवर राग वाजवत होते. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांचीच गिटार आहे. ती नक्की ऐक, पण दुकानात जाण्याआधी. आस म्हणजे काय ते कानात बसेल. वाद्य दुकानातून आणलं तसंच वाजवायला हवं असं नाही, हेही मोहनवीणेकडे बघून कळतं. मात्र पहिल्याच वर्षी तरफांच्या मागे लागू नकोस. सहा तारा पुष्कळ आहेत.

साधीच गिटार हवाईयन करून घेणार असशील तर सा-प-सा-ग-प-सा, म्हणजे डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, असं लाव. नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा यात एकही तार चढवावी लागत नाही, काही उलट उतरतात. स्वस्त गिटारच्या मानेवर आणि डिंकाने चिकटवलेल्या ब्रिजवर जास्तीचा ताण येत नाही. वाचलेल्या पैशातून चांगला बार घे: जड, गुळगुळीत, एकही चरा नसलेला. हलका बार तारेवर थरथरतो आणि बिचाऱ्या गिटारला बोल लागतो.

पैसे देण्याआधी दुकानातूनच मला फोन लाव. ती मींड ऐकव, आधी मंद्रात, मग मधल्या तारेवर. फोनवर आवाजाचा पोत कळत नाही, पण आस किती टिकते ते कळतं. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
मामा