जाबदेणार क्रमांक दोन

बिघडलेल्या मोबाईलबद्दल भरपाई मागणाऱ्या गिऱ्हाइकांविषयी माझ्या मनात कित्येक वर्षं अढी होती. कसबा पेठेत माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. फोन बिघडला तर दुरुस्त करून घ्यावा, फार तर बदलून मागावा. पण वर नुकसानभरपाई मागणारा माणूस पैसे उकळायला आलाय, असंच मला वाटायचं. ‘सर्व्हिस सेंटरला जा, आमचा संबंध बिल होईपर्यंत,’ हे मी इतक्या सवयीनं म्हणायचो की समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्षही जात नसे.

त्यामागे भीती होती. तक्रारीत कंपनीबरोबर विक्रेत्यालाही ओढतात, हे मला ठाऊक होतं. त्या भीतीला मी तत्त्वाचं नाव दिलं होतं.

आणि हे कुठे, तर पुण्यात! इथे बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून बारा वर्षं होती. मी मात्र या चळवळीला रिकामटेकड्या पेन्शनरांचा उद्योग समजत आलो.

2007 च्या ऑगस्टमध्ये नोकियानं बीएल-5सी बॅटरीबद्दल इशारा दिला होता. चार्जिंगला लावल्यावर ती तापण्याचा धोका होता. जगभरात अशा 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या होत्या आणि कंपनी त्या फुकट बदलून देत होती. मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. लोक फोनचं मागचं झाकण काढून बॅटरीवरचा नंबर दाखवायला यायचे. त्यांतलं कुणीही मला हावरट वाटलं नाही. कंपनीनं आपणहून दोष मान्य केला की गिऱ्हाईक भलं, गिऱ्हाइकानं तो दाखवून दिला की भांडखोर. असा माझा न्याय!

तो न्याय मोडला तांबट आळीतल्या एका वहिनींनी. त्यांच्या घरात तांब्याची भांडी घडतात, त्यांवर ठोक्यांचं मठारकाम होतं. ऑर्डरी वहिनी बघतात. घंगाळाचे, तांब्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, पैसे यूपीआयवर येतात. माझ्याकडून घेतलेला त्यांचा फोन वर्षाच्या आत, ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद पडला. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. मी नेहमीचंच बोललो, “वहिनी, सोडून द्या. नवीन घ्या, हप्ते करून देतो.”

त्यांनी काउंटरवर दोन जॉबशीट शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली फोन जमा करतानाची. तिच्यावर पाण्याच्या खुणेच्या रकान्यात ‘नाही’ अशी नोंद, खाली तिथल्याच माणसाची सही. दुसरी फोन परत देतानाची. तिच्यावर ‘लिक्विड डॅमेज’. आयएमईआय नंबर एकच, आणि मधले सगळे दिवस फोन सर्व्हिस सेंटरच्याच ताब्यात. असे कागद माझ्या हातून शेकड्यांनी गेले होते. दोन एकत्र ठेवून मी कधी वाचले नव्हते. वाचायचेच नव्हते मला.

मग त्यांनी वही उघडली. सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घातल्यामुळे कॉल येत होते, पण ‘फोटो पाठवा’ म्हणणाऱ्यांना फोटो जात नव्हते. ती गिऱ्हाइकं थांबली नाहीत. वहीत तारीख, नाव, वस्तू, रक्कम असं एकाखाली एक लिहिलेलं होतं. “फोन बदलून देतील हो, भाऊ,” त्या म्हणाल्या, “पण हे कोण भरणार?”

मला उत्तर सुचलं नाही. एक दिवस शटर बंद राहिलं तर रात्री मी गेलेला धंदा पैशात मोजतो. त्यांचं शटर म्हणजे तो फोन होता. स्वतःचं नुकसान मला हिशेब वाटत होतं आणि त्यांचं नुकसान हाव. हे किती हलकं होतं, ते ती वही समोर असताना कळलं.

नंतर मी ग्राहक संरक्षण कायदा वाचला. आताचा, 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. दोष दूर करणं, वस्तू बदलणं, किंमत परत करणं हे त्यात आहेच. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याहून वेगळी धरली आहे. धंद्यासाठी वापरलेला फोन म्हणून वहिनी ग्राहकच ठरणार नाहीत, असं मला वाटलं होतं. पण स्वयंरोजगारावर पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायदा व्यापारी कारणासाठीची मानत नाही.

वहिनी संकोचून म्हणाल्या, “तुमच्या दुकानाचंही नाव घालावं लागेल म्हणतात.” मी म्हटलं, “घाला.” बिलाची शिक्का मारलेली नक्कल दिली, फोन बंद पडल्यावर त्या माझ्याकडे कधी आल्या तेही लिहून दिलं. तक्रारीवर ‘जाबदेणार क्र. 2’ पुढे दुकानाचं नाव वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. तक्रार अजून चालू आहे. ग्राहक आयोगानं माझ्यावर काही भरपाई लादली, तर ती मी भरून देईन.

एवढंच सांगतो. फोन दुरुस्तीला देताना जॉबशीट तिथेच उभं राहून वाचा, तिचा फोटो काढा. बुडालेल्या कामाची तारीखवार नोंद ठेवा. तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे नक्कल मागा. फोन माझ्याकडून घेतला असेल, तर माझ्याकडे मागा.