कणीक कोणी मळायची?



वाचक माउली, ज्यांनी पखवाज जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, त्याच्या उजव्या तोंडाला शाई असते आणि डाव्या तोंडाला, म्हणजे धूमेला, वाजवण्याआधी दर वेळी भिजवलेली कणीक लावावी लागते. कणकेशिवाय धूम बोलत नाही. कमी लागली तर आवाज वर चढतो, जास्त झाली तर बसतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी नवी लावायची.

आमच्या घरी ही कणीक तेरा-चौदा वर्षं माझ्या थोरल्या मुलीने मळली, आणि पखवाज मी शिकवायला घेतला धाकट्या मुलाला. सांगायचं आहे ते एवढंच. पण ते माझं मलाच कळायला वयाची साठी उलटावी लागली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून दोन कोसांवर. आजोबा पखवाज वाजवत, मग वडील, मग मी. देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ. मी शेतातून आलो, हातपाय धुतले, की थोरली छोट्या वाटीत कणकेचा गोळा घेऊन उभी असे. मी कधी मागितली नाही. सात-आठ वर्षांची असताना तिच्या आजीने तिला ते काम लावून दिलं, आणि पोरीची जात, काम अंगावळणी पडलं, असं आम्ही समजलो.

एकदा घरीच सप्ताहाची तालीम चालली होती. मी ओसरीवर, ती आत चुलीपाशी. आतून ओरडली, “आबा, धूम चढली, कणीक वाळली.” मी हात लावून पाहिलं, खरंच वाळली होती. माझ्या ध्यानात आलं नव्हतं, तिच्या कानात आलं होतं. मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, “पोरगी हुशार आहे, सासरी नाव काढील.” मीही हसलो. ज्या कानासाठी पखवाजी लोक पोरांना वर्षानुवर्षं घोळवतात तो कान स्वयंपाकघरात बसलाय, हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

इथे एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. मी तिला मनाई केली नाही. तिने मागितला आणि मी नाही म्हटलं, असंही झालं नाही. फडातल्या कुणा वडीलधाऱ्याने मला अडवलं, असंही नाही, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. मला ते सुचलंच नाही. मनाई केली असती तर निदान भांडण झालं असतं, आणि भांडणातून कधी वाट निघते. न सुचलेल्या गोष्टीशी पोरीने भांडावं कसं?

धाकट्याची तऱ्हा उलटी. त्याला पखवाजाची गोडी नव्हती. मांडीवर घेतला की त्याचं लक्ष दाराकडे. भजनी ठेका आला, पण ओढून ताणून आला. त्याचा जीव होता आजीपाशी. माझी आई तेव्हाही डाळ जात्यावर भरडायची. हा तिच्यासमोर मांडी घालून बसायचा, खुंट्याला तिच्या हाताखाली आपला हात लावायचा आणि दोघं मिळून जातं ओढायची. ती ओव्या म्हणायची, हा मध्येच मूठभर हरभरे तोंडात घालायचा. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा दंडाला धरून उठवलं. म्हणालो, “बायकांत काय बसलास? जा, पखवाज काढ.”

वाचक माउली, त्याच रात्री देवळात मी जनाबाईचा अभंग म्हटला. गंगाखेडची जनी, नामदेवरायांच्या घरची दासी. तिच्यासोबत देव दळायला बसतो, तिच्यामागे शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. हे अभंग म्हणताना माझा गळा भरून येतो, आजही येतो. पण जात्यापाशी बसलेला देव मला गोड वाटत होता आणि जात्यापाशी बसलेला मुलगा लाजिरवाणा वाटत होता. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाला.

आपण बोलताना तरी पाहा. दाढीमिशांचे बाप्ये एकमेकांच्या पाया पडतात आणि म्हणतात काय, तर माउली. ज्ञानोबाराय पुरुषदेहात आले, त्यांना आपण आई म्हणतो. विटेवर कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्याला विठाई म्हणतो. इतर कुठे पुरुषाला आई म्हटलं तर त्याला राग येईल. आपल्याकडे यापरता मान नाही. हा शब्द वीस दिवस वारीत तोंडात खेळवायचा आणि घरी आल्यावर पोराला सांगायचं की पुरुषासारखा वाग. मग तो शब्द कशासाठी आहे?

मांड्यांची कथा घ्या. कीर्तनात ती शेकडो वेळा ऐकली असेल. मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबांनी कुंभारांना ताकीद दिली की या पोरांना खापर देऊ नका. मुक्ताई रिकाम्या हाती परतली. ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी चेतवला आणि तापलेल्या पाठीवर बहिणीने मांडे भाजले. कीर्तनकार इथे योगाचं सामर्थ्य सांगतात, अग्नी कसा चेतला ते सांगतात, विसोबांना पुढे पश्चात्ताप कसा झाला ते सांगतात. ते सगळं ठीकच आहे. पण मला हल्ली त्यात दुसरंच दिसतं. बहिणीच्या स्वयंपाकाला खापर नव्हतं, म्हणून भाऊ वाकला. ‘तुझं काम तू बघ’ असं त्याने म्हटलं नाही. आणि ज्या बहिणीने मांडे भाजले तिनेच पुढे, दार लावून बसलेल्या त्याच भावाला ताटी उघडायला लावली. चांगदेवांसारख्या योग्याने तिला गुरू मानलं. आईबाप गेल्यावर या चार लेकरांनी एकमेकांना वाढवलं. त्या घरात मुलाचं काम आणि मुलीचं काम कोण वाटून देणार होतं?

आमच्या घरी वाटून देणारे पुष्कळ होते, आणि त्यात एकटे बापच असतात असं नाही. माझी आई, जी धाकट्याला मायेने जात्यापाशी बसवून घेई, तीच थोरलीला सांगे, “पाय पसरून बसू नको, मोठ्याने हसू नको, तुला परक्या घरी जायचंय.” तिच्या आईने तिला तेच सांगितलं होतं. शिऊरच्या बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपल्या अभंगांत स्वतःचं चरित्र लिहून ठेवलं आहे. हरिकथेच्या ओढीपायी नवऱ्याचा मार खाल्ला, तेही त्यात आहे. तुकोबारायांची ती शिष्या. आपण तिची पुण्यतिथी करतो. पण आपल्या पोरीला कीर्तनाची ओढ लागली तर आधी विचारतो, रात्री परत कुणासोबत येणार?

धाकटा सोळा वर्षांचा असताना माझी आई गेली. तो रडायला लागला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “तू पुरुष आहेस, तू रडलास तर बायकांनी काय करायचं?” तो गप्प झाला. माझं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं. पुढे कित्येक महिने तो जात्याच्या खोलीत गेला नाही. मी मात्र दर कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींच्या समाधीचं कीर्तन ऐकताना फेट्याच्या शेवाने डोळे पुसतो, शेजारचाही पुसत असतो, आणि कुणी कुणाला पुरुष असल्याची आठवण करून देत नाही. सातशे वर्षांपूर्वी गेलेल्या माउलींसाठी रडायची परवानगी आणि काल गेलेल्या आजीसाठी बंदी!

सहा वर्षांपूर्वी आमची मंडळी न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तीन महिने अंथरुणावर. थोरली आली, आठ दिवस राहिली. तिच्याही घरी सासूबाई आजारी, तिला जावं लागलं. धाकट्याचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. घरात दोन धडधाकट पुरुष, आणि दोघांनाही भात किती शिट्ट्यांचा ते माहीत नाही. कारभारीण खाटेवरून सांगायची, “डबा डावीकडचा, मीठ वरच्या फळीवर.” चाळीस वर्षं ज्या घराचा मी मालक म्हणवत होतो त्या घरात मीठ कुठे आहे हे मला विचारावं लागलं.

स्वयंपाकाचं एक वेळ निभतं, शेजारपाजार असतो. पण आईला उठवणं, पुसणं, भांडं देणं. पहिल्या दिवशी पोरगा दारात उभा राहिला, आत येईना. तिनेही तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला त्याची लाज, त्याला तिची लाज. ज्या देहातून जन्मला त्याला हात लावायची पोराला भीती वाटावी, इतकं पक्कं त्याला आम्ही घडवलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या काकू दोन-चार दिवस येऊन करून गेल्या. मग एका सकाळी त्या आल्या नाहीत. मी देवपूजेत होतो. उठून पाहतो तर हा आईच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होता. गुंता झालेला, हात सराईत नाही, तिला दुखत असणार, पण ती डोळे मिटून पडून होती. खाटेखालचं भांडं धुऊन उपडं ठेवलेलं होतं. मी दारातून मागे फिरलो. जनाबाईचा तो अभंग मी चाळीस वर्षं म्हणत आलो. अर्थ घरात बसला होता आणि मी त्याला लहानपणी दंडाला धरून उठवलं होतं.

त्याच आठवड्यात मी प्रथम कणीक मळली. थोरली सासरी गेल्यापासून ते काम कारभारणीकडे होतं. हरिपाठाची वेळ झाली, वाटी रिकामी. परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, तर खीर. पीठ घातलं, तर घट्ट. पुन्हा पाणी. शेवटी पखवाजाला लागते सुपारीएवढी आणि माझ्यासमोर दहा माणसांच्या पोळ्यांची कणीक तयार! खाटेवरून हसण्याचा आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली ती.

आता धाकटा संसारी आहे, घरात बायकोच्या बरोबरीने करतो. गावात कुणी टोमणा मारतं, तो ऐकून घेतो. आषाढात माउलींचा मुक्काम बरडला असतो, तेव्हा आमच्या गावाहून भाकरी जातात. आदल्या रात्री देवळाच्या पटांगणात चुलाणं पेटतात, बायका रात्रभर थापतात आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुरुष आग्रह करकरून वाढतो. वारीत सगळे सारखे असं आपण म्हणतो, ते पंगतीत बसणाऱ्यांपुरतं खरं आहे. चुलीपुढे जाऊन पाहिलं की कळतं. गेल्या वर्षी धाकटा त्या बायकांत जाऊन बसला. पहिल्या चार भाकरी तव्यावर टाकतानाच मोडल्या. तरण्या पोरी खुदखुदल्या. एका आजीबाईंनी काही न बोलता सरकून त्याला जागा करून दिली. आमच्यापैकी आणखी कुणी तिकडे गेलं नाही. मीही गेलो नाही, हेही लिहून ठेवतो.

थोरलीचं मात्र काही भरून निघालेलं नाही. आता गावोगाव सप्ताहात महिला कीर्तनकार उभ्या राहतात, मुली पखवाज वाजवतात. मी पाहतो, चांगलं वाटतं, आणि बोट वाजलं की आपलं घर आठवतं. या दिवाळीला ती आली होती. हरिपाठाआधी मी पखवाज तिच्यापुढे ठेवला आणि वाटी शेजारी. म्हणालो, “बस.”

ती बराच वेळ पखवाजाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आबा, तेव्हा द्यायचा होता. आता बोटं वळत नाहीत.” रागाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं. वाटीतला गोळा तिने दोन बोटांत दाबून पाहिला.

“पाणी जास्त झालंय,” म्हणाली, कोरडं पीठ आणायला आत गेली, आणि मी तिच्या मागोमाग गेलो.