बंब पोहोचेपर्यंत
सोलापूरची दैनंदिनी : भाग दुसरा

सोमवार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेला रस्ता शहर सोडता सोडता औद्योगिक वसाहतीत शिरतो. टॉवेल आणि चादरींचे कारखाने, सूत रंगवणारे, कांड्या भरणारे, तयार माल बांधून टेम्पोत चढवणारे असा सगळा पसारा इथे भिंतीला भिंत लावून उभा आहे. मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. सुताच्या गाठी, पुठ्ठ्याची खोकी, हवेत उडणारे तंतू, वर लोंबणाऱ्या वायरी. काही ठिकाणी खाली माग आणि त्याच आवारात बिऱ्हाड. राष्ट्रीय सुरक्षेवर शाळकरी मुलांसाठी जी नेतृत्व शिबिरे भरतात, त्यांचा विचार या लेखमालेत चालला आहे. कवायत, नकाशावाचन, नेमबाजी, सीमावादावर एखादे व्याख्यान, निवृत्त अधिकाऱ्याशी प्रश्नोत्तरे असा त्यांचा साधारण साचा मागच्या हप्त्यात आला. तो साचा वाईट नाही. पण सोलापूरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना देशाची सुरक्षा शिकवायची असेल तर पहिला धडा याच रस्त्यावर द्यायला हवा, सीमेचा धडा त्यानंतर, असे माझे म्हणणे आहे आणि ते पुराव्यानिशी मांडता येते.

पुरावा अवघ्या अकरा दिवसांच्या अंतराचा आहे. ७ मे २०२५ रोजी, ऑपरेशन सिंदूर झाले त्याच दिवशी, केंद्राच्या आदेशाने देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, माणसांना इमारतींतून बाहेर काढण्याची तालीम झाली. महाराष्ट्रातल्या सोळा ठिकाणांची नावे यादीत होती: मुंबई, तारापूर, उरण, पुणे, नाशिक, मनमाड वगैरे. सोलापूर त्यात नव्हते. आणि १८ मेच्या रविवारी पहाटे याच वसाहतीतल्या टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. मालकाचे कुटुंब आणि कामगार आवारातच झोपलेले होते. आठ जणांचा जीव गेला, त्यांत एक तान्हे मूल होते. आग आटोक्यात आणायला कित्येक तास लागले. शत्रूचे विमान येईल या भीतीने ज्या गोष्टींचा सराव इतर गावांत झाला, म्हणजे बाहेर पडायची वाट, धुरातून जमिनीलगत सरकणे, वीज तोडणे, माणसे मोजणे, नेमक्या त्याच गोष्टींची गरज अकरा दिवसांनी सोलापुरात पडली. सराव झाला असता तर ते आठ जण वाचले असते, असा दावा मी करणार नाही. तसे म्हणायला आधार नाही आणि गेलेल्यांच्या नावावर युक्तिवाद उभा करणे बरेही नव्हे. मुद्दा यादीचा आहे. धोका कुठे आहे हे ठरवताना आपण जो नकाशा पुढ्यात घेतो, त्यात ही वसाहत दिसतच नाही.

हा नकाशा केवळ त्या सरावापुरता नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी एनसीसीच्या विस्ताराची घोषणा केली. १७३ सीमावर्ती आणि किनारी जिल्हे, एक लाख नवे छात्र, त्यांत सुमारे एक तृतीयांश मुली. घोषणा चांगलीच होती. कच्छ किंवा सिंधुदुर्गच्या मुलाला ती लागू पडते. सोलापूरला समुद्र नाही आणि जवळची सीमा कर्नाटकाची, तीही आपल्याच देशातली. त्यामुळे या हिशेबातही सोलापूर बाहेर. दोन वेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या कारणांनी केलेल्या याद्यांनी एकच शहर गाळले. यात कुणाचा दुष्टावा नाही. सुरक्षा म्हणजे कडेची रखवाली, ही समजूत मात्र त्यातून दिसते.

मंगळवार, कुंभारी

अक्कलकोट रस्त्यानेच पुढे आले की कुंभारी. विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. असंघटित कामगारांसाठी आखलेला तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्पही इथेच असून त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. एका बाजूला यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला विड्यांची सुपे, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी. ज्या मुलांना उद्याचे नेते म्हणायचे ती बहुसंख्येने इथे राहतात. शिबिरांची दारे त्यांना किती उघडी आहेत, हे आता पाहू.

सगळ्यात रुंद दार एनसीसीचे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली ती उभी राहिली, आणि आजही सामान्य घरातल्या मुलाला गणवेश, शिबिर आणि पुढे सैन्यात जाण्याची थोडी वाट तीच मिळवून देते. पण ज्या शाळेत तुकडी नाही तिथल्या मुलाला ती मिळत नाही. त्यापुढचे दार अरुंद. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७पासून दहावी झालेली मुले निवडून त्यांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) परीक्षेसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली ती अगदी अलीकडे, २०२३मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा देता येऊ लागली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. हे सगळे मोलाचे आहे. मात्र ही निवडीची व्यवस्था आहे, शिक्षणाची नाही. हजारांतून एक निवडायचा आणि उरलेल्यांना पुन्हा मागावर धाडायचे. त्या उरलेल्यांनी सुरक्षेविषयी काय शिकावे, हा प्रश्न तिला पडत नाही.

मग सगळ्यांनाच द्या, असे लगेच कुणी म्हणेल. महाराष्ट्रात ते म्हटलेही गेले आहे. जून २०२५मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेण्याचा मनोदय सांगितला. इथे इतिहास थोडा आडवा येतो. १९६२च्या चीन युद्धानंतर महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची केली होती. १९६८मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली आणि दुसऱ्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. संख्या वाढली की शिकवणारे अपुरे पडतात, आणि शिकवणारे अपुरे पडले की सगळे सावधान-विश्राममध्ये संपते. भीतीच्या भरात केलेली सक्ती पाच-सहा वर्षांत ओसरते, हे एकदा पाहून झाले आहे. सर्वांना द्यायचे ते वेगळे असावे लागेल: थोडे, नेमके, आणि मुलाच्या रोजच्या वाटेवरचे.

बुधवार, चार हुतात्मा चौक

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक गंभीर आहे. कोवळ्या वयात सुरक्षेचे धडे दिले की मुले शत्रू शोधायला शिकतात, शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतात. नकोच ते, असे म्हणणारे शिक्षक आणि पालक आहेत. त्यांची धास्ती मला पटते. तिच्यावरचा उतारा सुरक्षेचा विषय टाळण्यात नाही, तो सोलापूरचाच इतिहास शिकवण्यात आहे. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि पुढचे काही दिवस इंग्रजी अंमल शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. त्या दिवसांत स्वयंसेवकांनी रहदारीसुद्धा सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली गेली.

या प्रकरणात शिबिरासाठी दोन धडे आहेत आणि दोन्ही एकत्र शिकवावे लागतात. सरकारी यंत्रणा जागेवर नसताना सामान्य माणसे व्यवस्था राखू शकतात, हा एक. सुव्यवस्थेच्या नावाखाली सत्ता नागरिकांनाच फासावर चढवू शकते, हा दुसरा. पहिला शिकवून दुसरा गाळला तर आज्ञाधारक मुले निघतील. नुसता दुसरा शिकवला तर सगळ्याच गणवेशांचा तिटकारा. आणि ही चार नावे एकापाठोपाठ वाचली की शेजाऱ्याविषयी संशय शिकवण्याची सोय सोलापुरात तरी राहत नाही.

गुरुवार, पुण्याच्या गाडीत, कुर्डूवाडीच्या पुढे

आता राहिला लष्करी मनाच्या वाचकाचा आक्षेप. कारखान्याची आग, उघडी वायर, बंद जिना हे सगळे राष्ट्रीय सुरक्षेत कोंबले तर त्या शब्दाला अर्थ काय उरला? त्याला उत्तर मुंबईच्या गोदीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. जहाजात स्फोटके होती आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी. आग आधी कापसाला लागली. युद्धाचे दिवस असल्याने घातपाताची शंका घेतली गेली, पण चौकशीत तो अपघात ठरला. शेकडो माणसे मेली, अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले; त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ज्या बंदरातून युद्धाची रसद जात होती ते शत्रूच्या बॉम्बशिवाय, पेटत्या कापसाने उद्ध्वस्त झाले. कायद्यालाही हे पुढे उमगले: नागरी संरक्षणाचा १९६८चा कायदा युद्धकाळासाठी होता, नंतरच्या दुरुस्तीने त्यात आपत्तीचे काम आले. एनसीसीच्या अभ्यासक्रमातही आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ आहेच. म्हणजे नवे काही कोंबायचे नाही. पुस्तकातला पाठ त्याच्या जागी, मागांच्या मधल्या बोळात, नेऊन शिकवायचा आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट असू द्या. सुरक्षित कारखाना ही मालकाची आणि सरकारची जबाबदारी आहे. ती नववीतल्या पोरांच्या खांद्यावर टाकून कुणी मोकळे होऊ नये. पण वीज वापरणारी जागा कायद्याच्या लेखी कारखाना ठरायला वीस कामगार लागतात आणि यंत्रमागाच्या कितीतरी जागी तेवढे नसतात. निरीक्षक तिथे येईल तेव्हा येईल. तिथे रोज डबा घेऊन जाणारा मुलगा मात्र बाहेर पडायचा दुसरा दरवाजा गाठींनी अडला आहे का, हे आज पाहू शकतो आणि वडिलांना विचारू शकतो. वडिलांना विचारणे सोपे नसते. मोठ्यांना न दुखावता, न घाबरता प्रश्न विचारता येणे, हे माझ्या मते कवायतीपेक्षा अवघड नेतृत्व आहे, आणि शिबिरात त्याचीही तालीम घेता येते.

म्हणून सोलापूरच्या मुख्याध्यापकांना, एनसीसी अधिकाऱ्यांना आणि टॉवेल कारखानदारांना एक विनंती. अग्निशमन सप्ताह दर वर्षी १४ ते २० एप्रिलला असतो. त्यातला एक दिवस अक्कलकोट रोड एमआयडीसीत काढा. माग बंद करून, अग्निशमन दलाचा माणूस सोबत घेऊन, मुलांच्या एका तुकडीकडून एका कारखान्याचा कच्चा नकाशा काढून घ्या: दारे किती, खिडक्यांना गज कुठे, मेन स्विच कुठे, पाणी कुठे, रात्री आत कोण झोपते. तो नकाशा कारखान्याच्या भिंतीवर लावा, दुसरी प्रत अग्निशमन दलाकडे द्या. खर्च कागदाचा आणि चहाचा. पुढचा हप्ता खडकवासल्याहून.